ओर्तांसचं पिंप

या मंडळी, जवळ सरकून बसा. बाहेर बर्फ आहे, दार लावून घ्या. आज एका पिंपाची गोष्ट सांगायची आहे. पिंप ओकाच्या लाकडाचं, जुनं, काळपट. पण त्याच्या पोटात एका बाईची शेवटची मेहनत होती, आणि एका पोरीच्या हातून अजाणता तिला धक्का लागला होता. देवाच्या दयेने गोष्ट गोड आहे. ऐकून उठाल तेव्हा तोंड कडू नसेल, एवढा शब्द देतो.

आपल्या फ्रान्सच्या या ज्युरा डोंगरातला द्राक्षमळेवाला आन्सेल्म झानरो शिडीवरून कसा पडला ते मागे सांगून झालं आहे. ऑक्टोबरात द्राक्षतोडणी संपली, तिसऱ्या दिवशी म्हातारा पडला. खुब्याचं हाड मोडलं, पाच आठवडे इस्पितळात गेले. रुग्णवाहिकेत घालताना त्याने कमरेची लोखंडी किल्ली सोडली आणि तेवढ्यापुरती सुनेच्या हातात दिली.

"आपोलिन, माळ्यावरची पिंपं सांभाळ," तो म्हणाला. "माहेरची समजून सांभाळ."

एवढंच बोलला. पुढचा सगळा घोळ त्या एवढ्याशा बोलण्यातून झाला.

आता जानेवारीची बावीस तारीख होती, संत विन्सेंटचा दिवस. द्राक्षमळ्यांचा हा राखणदार संत दर वर्षी गावातल्या एका घरी मुक्कामाला जातो, आणि यंदाचा मान झानरोंचा होता. चर्चमधली मिस्सा आटोपली होती. मूर्ती खांद्यावर घेऊन गाव फेरीला निघालं होतं आणि तासाभरात दारात येणार होतं. झानरोंच्या घरची एक रीतही होती. माळ्याची किल्ली हातातून हातात जायची ती याच दिवशी, आणि संत उंबऱ्याच्या आत येण्याआधी. आन्सेल्मला आता जिने चढवत नव्हते. त्यामुळे किल्ली कोणाकडे जाणार, हा प्रश्न महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या ओठांवर होता.

आन्सेल्म चुलीजवळच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. थोरली बहीण क्लारिस, जिचं लग्न कधी झालं नाही आणि जिच्यावाचून चर्चमधलं एक भजन कधी सुरू झालं नाही, ती पातेल्यात डोकावत होती. आत कोंबडा आणि रानअळंबी रटरटत होती. तिने पिवळ्या वाइनीची बुटकी बाटली उचलली आणि सबंध ओतली.

"ताई, ती बाटली पाहुण्यांसाठी होती," धाकटा भाऊ तेओद्यूल दारातून बुटांचं बर्फ झाडत म्हणाला.

"कोंबडाही पाहुण्यांसाठीच आहे. तू बस."

तेओद्यूल बसला. त्याचं नाक लांबलचक होतं आणि त्या नाकाची पंचक्रोशीत कीर्ती होती. नुसत्या वासावरून वाइन कोणत्या उताराची, कोणत्या सालची हे तो सांगायचा. शेजारणीने काल काय शिजवलं होतं तेही सांगायचा. म्हणून शेजारणी त्याला टाळायच्या.

"दादा, एकदा सांगून टाक," तो म्हणाला. "किल्ली ओबांकडेच ना?"

आन्सेल्मचा मुलगा ओबां पाव आणत होता. तो हसला. "काका, मला ट्रॅक्टरची किल्ली दिलीत तर उपकार होतील. मला वाइनीचा आणि व्हिनेगरचा वास एकच येतो. किल्ली आपोलिनला द्या."

"बर्गंडीच्या पोरीला?" तेओद्यूल म्हणाला. आपोलिनचं माहेर शेजारच्या बर्गंडी प्रांतातलं. ती टेबलाशी उभी राहून पाव कापत होती, पण म्हणून त्याने आवाज खाली घेतला नाही. "पोर गुणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिकडचे लोक वाइनीला तान्ह्या बाळासारखं दर आठवड्याला पाजतात. पिंप बोटभर रिकामं दिसलं की ओत, रिकामं दिसलं की ओत. आपल्याकडे वाइनीला उपाशी ठेवायला छाती लागते."

आपोलिनची सुरी पावात थांबली.

ती थांबलेली फक्त आन्सेल्मने पाहिली, कारण तो तिच्याकडेच बघत होता. दोन महिने तो तिच्याकडेच बघत होता.

इथली रीत तेओद्यूलने सांगितली तशीच आहे. सावान्यां द्राक्षाची वाइन एकदा पिंपात भरली की सहा वर्षं आणि तीन महिने तिला कोणी हात लावायचा नाही. वाइन आटत जाते. जे आटतं तो देवदूतांचा वाटा, असं लोक म्हणतात. मग दुधावर साय धरावी तसा वाइनीवर एक पातळ राखी पदर धरतो. त्या पदराखाली ती हळूहळू पिवळी होते, अक्रोडासारखी होते. वरून कोणी नवी वाइन ओतली तर पदर फाटतो, बुडतो, आणि सगळं संपतं. ज्युरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आणि सगळ्यांना ठाऊक आहे म्हणूनच कोणी कोणाला ते सांगत नाही.

आन्सेल्म इस्पितळातून आला त्या दिवशीच, सुनेकडून किल्ली परत घेऊन, डॉक्टरांना न जुमानता, बुडावर बसून एकेक पायरी मागे सरकत माळ्यावर चढला होता. चार पिंपं होती. त्याने नेहमीसारखी बोटाच्या पेराने टकटक केली. पहिल्या तिन्ही पिंपांचा वरचा भाग पोकळ वाजला, ढम ढम, जसा वाजायला हवा. चौथं, कोपऱ्यातलं, ज्यावर खडूने क्रूस काढलेला होता, ते भरल्या माठासारखं मुकं वाजलं. अगदी वरपर्यंत.

ते ओर्तांसचं पिंप होतं. त्याच्या बायकोचं. ही किल्ली आधी तिचीच होती. सहा वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारपणात, शाल गुंडाळून तिने ही द्राक्षं स्वतः वेचली, स्वतः दाबली, आणि बर्फ पडायच्या आत ती गेली. पिंपावरचा क्रूसही तिनेच काढला होता, पीक चांगलं आलं म्हणून.

त्या दिवशी आन्सेल्म माळ्यावर एकटाच बसून रडला. मग त्याला राग आला. मग रागाचा हट्ट झाला. त्याने ठरवलं, आपण बोलायचं नाही. जिच्या हाती किल्ली जायची ती स्वतः येऊन सांगते का, ते बघायचं.

ती येत होती. रोज सकाळी कॉफीचा पेला ठेवायची, दाराशी जाऊन परत वळायची आणि म्हणायची, "बाबा, एक..."

"काय?"

"साखर घालू का?"

आन्सेल्मने उभ्या जन्मात कॉफीत साखर घेतली नव्हती.

"चला," आता तो काठी टेकत उठला. "आज ओर्तांसच्या पिंपाची मुदत भरली. गाव यायच्या आत चाखून घेऊ. किल्लीचं नंतर."

"खुब्याचं काय?" क्लारिसने विचारलं.

"खुब्यालाही चाखू दे."

चौदा पायऱ्या, त्यातली एक मोडकी. ओबां मागून ढकलत होता, तेओद्यूल वरून ओढत होता, आणि क्लारिस खाली उभी राहून संत विन्सेंटला सांगत होती की या घरातले पुरुष कसे आहेत ते तू बघून घे. मग ती चढली, आणि शेवटी चढली आपोलिन, पेल्यांची टोपली घेऊन. तिचा चेहरा पावाच्या पिठासारखा झाला होता.

माळ्यावर थंडी आणि अक्रोडांचा वास. तेओद्यूलने गिरमिट घेतलं, पिंपाच्या तोंडाच्या फळीला बारीक भोक पाडलं, पेला खाली धरला. सोनेरी धार आली. त्याने भोकात लाकडाची खुंटी ठोकली, नाक पेल्यात खुपसलं आणि डोळे मिटले.

बाकीचे त्याच्या नाकाकडे बघत राहिले.

"अक्रोड आहे," तो म्हणाला. "पण मागे हिरवं सफरचंद. लिंबाची साल." त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला. "सहा वर्षांची वाइन इतकी कोवळी? पदराची चव अर्धीच आहे. ताई, तू बघ."

क्लारिसने घोट घेतला आणि भुवया वर केल्या.

"बोलू नये," तेओद्यूल म्हणाला, "पण वहिनी तेव्हा आजारी होती. हात थरथरत होते तिचे. घाईने कच्ची द्राक्षं तोडली असणार. मी तेव्हाच दादाला म्हटलं होतं, तिला मळ्यात जाऊ देऊ नकोस. फसली बिचारीची शेवटची वाइन."

"मेलेल्या माणसाबद्दल," क्लारिस म्हणाली आणि तिने क्रूसाची खूण केली.

"मी काय वाईट बोलतोय? मायेनेच बोलतोय."

ओबां बुटांकडे बघत होता. "आई त्या वर्षी घाईतच होती," तो हळूच म्हणाला.

तिच्या पोटच्या पोराच्या तोंडचे ते शब्द ऐकून आन्सेल्म काठी टेकत पुढे सरकला. आता गप्प राहणं पाप होतं. त्याने तोंड उघडलं.

"नाही," कोणीतरी म्हणालं. ते त्याने म्हटलं नव्हतं.

आपोलिनने टोपली खाली ठेवली. "सासूबाईंचं काही फसलं नाही. हे पिंप मी भरलं."

"भरलं म्हणजे?" तेओद्यूलने विचारलं.

"भरलं. काठोकाठ. बाबा म्हणाले होते माहेरची समजून सांभाळ. मी वर आले, बूच काढलं, तर वाइन वीतभर खाली. आमच्याकडे एवढं खाली गेलेलं पिंप फक्त मेलेल्या माणसाच्या घरी दिसतं. मला वाटलं, खुब्याच्या आधीपासूनच बाबांची तब्येत ठीक नसणार, लक्ष गेलं नसणार, पिंप तहानेने मरायला टेकलंय. खालच्या टाकीतली नवी सावान्यां बादलीने वर आणली. आठ बादल्या. एवढ्या पायऱ्या." ती क्लारिसकडे वळली. "दुसऱ्या पिंपाचं बूच काढणार होते, तेवढ्यात तुम्ही खालून हाक मारलीत, आत्या. जेवायला ये, पदराखालची वाइन झोपली आहे, तिला उठवू नकोस. मी विचारलं, कसला पदर?"

"अगं बाई," क्लारिस म्हणाली. "मी हसले. मला वाटलं, तू माझी थट्टा करतेस."

"मग मी ओबांच्या शाळेच्या जुन्या वहीत वाचलं. त्यात होतं, चित्रासकट." तिने एप्रनला हात पुसले. "सासूबाईंना मी पाहिलं नाही. त्यांच्या हातचं एवढंच एक या घरात उरलं होतं, ते मी बुडवलं. रोज बाबांना सांगायला जात होते, आणि रोज जीभ अडकत होती. किल्ली नका देऊ मला. पण चूक माझी आहे, ती माझ्याच नावावर राहू द्या. त्यांच्या नावावर घालू नका."

"मला तरी सांगायचंस," ओबां म्हणाला.

"तू रडला असतास."

"आता मी काय हसतोय?"

तेओद्यूल काही बोलणार होता, पण तेवढ्यात आन्सेल्मने काठी आपटली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

सगळे वळले. त्याने हात लांब करून आधी शेजारचं पिंप वाजवलं, मग हे वाजवलं. समजावून सांगायची गरज पडली नाही.

"कधीपासून?" क्लारिसने विचारलं.

"आलो त्या दिवसापासून."

"दोन महिने?" क्लारिसचा चेहरा लाल झाला. आत्तापर्यंत ती भावाच्या बाजूला उभी होती, ती तिथून चालत येऊन आपोलिनच्या शेजारी उभी राहिली. "दोन महिने पोरीला विस्तवावर बसवलंस, आणि रविवारी देवापुढे गुडघे टेकायला आलास?"

"एकच गुडघा टेकता येतो, ताई. दुसऱ्या बाजूचा खुबा..."

"गप्प बस."

आन्सेल्मने मान डोलावली. मग म्हणाला, "खरं आहे तुझं. मी तिची परीक्षा बघत होतो. आणि मघाशी तेओद्यूल ओर्तांसला बोलत होता, तेव्हा बोलायची पाळी माझी होती. चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्यासाठी माझं तोंड उघडेपर्यंत, जिने तिला पाहिलंही नाही ती बोलून मोकळी झाली. मग नापास कोण?" त्याने सुनेकडे पाहिलं. "मी म्हणालो माहेरची समजून सांभाळ. तू माहेरची समजूनच सांभाळलीस. पिंप भरायचं नसतं, एवढं एक वाक्य या घरात तुला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. आठ बादल्या वर नेल्यास ना?"

"आठ."

"मोडक्या पायरीवरून?"

"त्या पायरीवर दोनदा पडले."

ओबां फिसकन हसला. मग आपोलिन हसली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून.

या सगळ्या वेळात तेओद्यूलने दुसरा पेला भरून घेतला होता. तो खिडकीकडे गेला, उजेडात पेला फिरवला, प्यायला.

"म्हणजे द्राक्षं कच्ची नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"सफरचंद या पोरीचं. आणि अक्रोड वहिनीचा." त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खडूच्या क्रूसाकडे बघून म्हणाला, "वहिनी, चुकलो." टोपी परत घातली, तिसरा पेला भरला. "पण काय रे दादा, ही वाईट नाही."

"तीन पेल्यांनंतर काहीच वाईट नसतं," क्लारिस म्हणाली.

"अगं घेऊन तर बघ. आधी म्हातारी येते, खोकत, शहाणी. तिच्या मागून पोर पळत येते. आणि दोघी एकमेकींना ढकलत नाहीत." त्याने घाईघाईने सगळ्यांच्या हातात पेले कोंबले. "पन्नास वर्षं नाक चालवतोय, असलं काही प्यालो नाही."

आन्सेल्मने घोट घेतला. जिभेवर आधी ओर्तांस आली. तीच होती, कोरडी, थोडी तिखट, बोलली तर लक्षात राहावं अशी. तिच्या मागे काहीतरी हिरवं, ओलं, हसरं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

"पण पिवळी वाइन म्हणून विकता येणार नाही," ओबां म्हणाला. "बुटक्या बाटलीत भरता येणार नाही. हिला नावच नाही. मग करायचं काय हिचं?"

वळणावरून ढोल ऐकू आला. गाव जवळ आलं होतं.

"ओर्तांस काय म्हणायची आठवतं?" क्लारिसने आन्सेल्मला विचारलं. "दर वर्षी म्हणायची, याच दिवशी, भांडी घासताना."

आन्सेल्मला आठवत होतं. ती म्हणायची, झानरोंच्या घरात सगळं चांगलं बाटलीत जातं आणि परक्या गावी जाऊन उघडतं. घरच्यांना तळाचं, गावाला पातळ. एकदा तरी माझी वाइन माझ्याच अंगणात, सुरईतून ओतून, ज्याला त्याला पोटभर पाजेन. तो दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी.

"बादल्या कुठे आहेत त्या?" त्याने आपोलिनला विचारलं.

"खाली. टाकीपाशी."

"आण. ज्यांतून चढली त्यांतूनच उतरेल."

मग काय विचारता. तेओद्यूलने खुंटी उपटून तिथे तोटी ठोकली आणि तिच्यापुढे फतकल मारून बसला, "घरातली एक तोटी तरी माझ्या ताब्यात द्या," म्हणाला. ओबां जिन्याच्या मध्यावर, आपोलिन खाली. भरलेली बादली हातातून हातात उतरत होती, आणि मोडक्या पायरीपाशी प्रत्येक वेळी तिघं एकदम ओरडत होते, "सांभाळ!" आन्सेल्मला या गडबडीत खाली न्यायचं सगळे विसरले. तो बुडावर बसून एकेक पायरी घसरत, बादल्यांच्या मधून, स्वतःच उतरला.

अंगणात बर्फावर टेबलं मांडली. क्लारिसने आशीर्वादाचा गोड पाव कापायला घेतला तोच फाटकात संत विन्सेंट आले, चौघांच्या खांद्यावर, टोपीवर बर्फ, हातात द्राक्षांचा लाकडी घोस. मूर्ती उंबऱ्यापाशी टेकली. पण आत कोणी नेली नाही, कारण घरची रीत गावाला माहीत होती. सगळे आन्सेल्मकडे बघत थांबले.

त्याने कमरेची किल्ली सोडली. आपोलिनच्या एप्रनची गाठ सुटत होती, ती त्याने सोडली, किल्ली ओवली आणि घट्ट बांधली. गारठ्याने बोटं चालत नव्हती, म्हणून वेळ लागला. तेओद्यूल माळ्याच्या खिडकीतून बाहेर डोकावत होता.

"दादा, दुहेरी गाठ मार," तो ओरडला. "बर्गंडीचे लोक धांदरट असतात."

"काका, पाचवा पेला का?" आपोलिनने वर बघून विचारलं.

"सहावा."

क्लारिसने भजन उचललं. तिच्या मागून सगळं गाव गायला लागलं, ढोलवाला चुकत चुकत मागे. संत आत गेले. आणि मग बादल्यांमधून सुरया भरल्या, सुरयांमधून पेले भरले. पाद्रीबुवांनी घोट घेतला, थांबले, पेल्यात पाहिलं.

"ही कोणती वाइन?"

"हिला नाव नाही, फादर," आता खाली आलेल्या तेओद्यूलने सांगितलं. "आमच्या घरच्या दोन सुनांनी मिळून केली. एकीने सहा वर्षांपूर्वी सुरू केली, दुसरीने ऑक्टोबरात पुरी केली."

"दोघींची भेट झाली होती?"

तेओद्यूलने पेल्याकडे बोट दाखवलं. "आज झाली."

दुपार कलेपर्यंत पिंप निम्मं झालं. आन्सेल्म भिंतीशी बाकावर उन्हाच्या तुकड्यात बसला होता. आपोलिन त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली. पेला ठेवला, निघाली, दोन पावलांवरून परत वळली. किल्ली एप्रनवर वाजली.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"सांग."

"तुम्ही साखर घेत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

म्हातारा इतका हसला की त्याने खुबा धरला. "उद्या सकाळी माळ्यावर ये," तो म्हणाला. "पिंप कसं ऐकायचं ते शिकवतो. आणि जे जे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते एकेक करून तुला सांगतो. पुष्कळ आहे. वेळ लागेल."

"मला घाई नाही," ती म्हणाली.

मंडळी, एवढीच गोष्ट. आता उठा, रात्र व्हायच्या आत घरी पोहोचा. पण एक मागणं आहे. तुमच्या घरीही कोणी बाई असेल, जिने चांगलं सगळं दुसऱ्याच्या ताटात वाढलं आणि स्वतः म्हणाली, पुढच्या वर्षी. तिच्यासाठी आज जेवताना एक घास थांबा. आणि थांबलातच, तर आमच्या ओर्तांसलाही आठवा. शाल गुंडाळून, थरथरत्या हातांनी, पण पिकलेलीच द्राक्षं तोडली होती तिने.